स्क्रबर असूनही चिमणीतून काळे थेंब: डिमिस्टर बदलावा की थेट बॅग फिल्टर?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. जळगावातली तेलगिरणी, ताशी ३ टन वाफेचा बॉयलर, दाब १०.५ किलो. इंधन पांढरा कोळसा, म्हणजे कपाशीच्या काड्या आणि शेंगांच्या टरफलांच्या ब्रिकेट. वायूचा मार्ग: बॉयलर, एअर प्रीहीटर, मल्टिसायक्लोन (वायू गरगर फिरवून राख खाली पाडणाऱ्या नळ्यांचा संच), वेट स्क्रबर (पाण्याच्या फवाऱ्याने वायू धुणारं नळकांडं), आयडी फॅन (वायू ओढून चिमणीत ढकलणारा), चिमणी. स्क्रबरमध्ये छिद्रांच्या दोन प्लेटा, त्यांच्यावर तीन नोझल आणि सगळ्यात वर १०० मिमी जाडीचा वायर मेश डिमिस्टर, म्हणजे थेंब अडवणारी तारेची जाळी. पंप तासाला १० घनमीटर पाणी फिरवतो.
तक्रारी तीन. एक, लोड पाऊण भागाच्या वर गेला की चिमणीभोवती २०-२५ मीटरपर्यंत काळे थेंब पडतात. गाड्यांवर डाग, शेजारच्या पत्र्यावर ओघळ. दोन, आयडी फॅन दर पंधरा-वीस दिवसांनी थरथरायला लागतो. पाती खरवडली की शांत. तीन, धूलिकण घनमीटरला २१० मिलिग्रॅम आले, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात मर्यादा १५० आहे.
एक पुरवठादार म्हणतो जाळी बदला. दुसरा म्हणतो स्क्रबर भंगारात द्या आणि बॅग फिल्टर लावा, म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी. कोणाचं ऐकू?

मिरचीबाजार
दोघांचंही नका ऐकू, दोघेही विकायला बसलेत.
आणि वांगी भाजायच्या काड्या बॉयलरात घातल्यावर दुसरं काय होणार? किमान दोन वांगी तरी आत सोडा.

प्रवाहमापी
आकड्यांशिवाय सल्ला देणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. आधी हे सांगा:
स्क्रबरच्या नळकांड्याचा आतला व्यास. चिमणीचा व्यास. प्रयोगशाळेच्या अहवालातला चिमणीतला वेग आणि तापमान (पहिल्याच पानावर असतं, कोणी बघत नाही). मल्टिसायक्लोनच्या आधी आणि नंतर ऑक्सिजन किती. फॅनच्या तोंडाशी ऋण दाब किती मिमी. मीटर नसेल तर पारदर्शक नळीचा यू करा, त्यात रंगीत पाणी भरा, एक टोक डक्टच्या भोकाला लावा. दोन बाजूंच्या पातळीतला फरक मिमीमध्ये मोजला की झालं.
आणि सर्वांत महत्त्वाचं: स्क्रबरच्या तळाचा ड्रेन पाइप टाकीत कुठे संपतो? पाण्यात बुडालाय की हवेत लटकतोय?
तोवर एक खात्री करून घ्या. चिमणीवरचा पांढरा लोट म्हणजे थेंब नव्हेत. ती वाफ आहे, हिवाळ्यात जास्त दिसते, मे महिन्यात ४५ अंशांत जवळपास दिसतच नाही. थेंब ओळखायचे तर पांढरा कागद पाटाला चिकटवून वाऱ्याच्या दिशेला १० मीटरवर अर्धा तास ठेवा. डागाच्या मधोमध करडा ठिपका आणि कडेला पांढरट कडं उमटलं तर ते स्क्रबरचंच पाणी. कोरडी काजळी बोटाने पुसली जाते, तिला कडं नसतं.

काथ्याकूट
एवढं कशाला? पंप मोठा लावा, पाणी दुप्पट करा. नाहीतर चिमणी १० मीटर वाढवा. आणि वरच्या जाळीऐवजी कूलरचं गवत भरा, स्वस्तात काम होतं.

प्रवाहमापी
@काथ्याकूट, तिन्ही उपायांनी थेंब थांबणार नाहीत. पाणी दुप्पट केलं की प्लेटांवर फेस चढतो आणि जाळीवर दुप्पट मारा होतो. नोझलचा दाब वाढवला की थेंब बारीक होतात आणि बारीक थेंब आधी उडतात. चिमणी उंच केली की तेच थेंब शेजाऱ्याऐवजी त्याच्या शेजाऱ्याकडे पडतात.
गवताचं म्हणाल तर तत्त्व तेच. वायू वळतो, थेंब जडपणामुळे वळत नाही, काडीवर आपटतो, मोठा होऊन खाली ओघळतो. वायर मेश तेच करते. फक्त गवत राखेने दोन दिवसांत लिंपलं जाईल आणि तिसऱ्या दिवशी फॅनमध्ये सापडेल.

पिशवीवाला
मी बॅग फिल्टरच्या बाजूने. २१० वरून १५० च नव्हे, ५० च्या खाली जायचं असेल तर दुसरा मार्ग नाही. हिशोब मांडतो.
३ टनाला १७०-१८० अंशांवर साधारण ८५०० घनमीटर ताशी वायू धरा, म्हणजे मिनिटाला १४२. काड्यांची राख हलकी आणि चिकट, म्हणून कापडाच्या एका चौरस मीटरमागे मिनिटाला १ घनमीटरपेक्षा जास्त वायू देऊ नका. म्हणजे १४२ चौ. मी. कापड. १५० मिमी व्यासाची, ३ मीटर लांबीची पिशवी १.४१ चौ. मी. देते, म्हणजे १०० पिशव्या, दहा गुणिले दहा. कोटेशनमध्ये ७० पिशव्या दिसल्या तर कागद परत करा. सहा महिन्यांत दाब २०० मिमीच्या वर जाईल.
पिशव्यांमधून वर चढणाऱ्या वायूचा वेगही बघा. पिशव्यांचं अंतर २०० मिमी ठेवलं तर डब्यातली मोकळी जागा अंदाजे २.६ चौ. मी. येते आणि वेग ०.९ मीटर प्रति सेकंद. तो १ च्या वर गेला तर झटकलेली राख खाली पडतच नाही, शेजारच्या पिशवीवर जाऊन बसते.
कापड: पॉलिएस्टर १३० अंशांपर्यंतच, शिवाय गरम ओलाव्यात कुजतं. इथे चालणार नाही. पीपीएस (उष्णता सोसणारं कृत्रिम कापड) १८० च्या आसपास टिकतं, पण ऑक्सिजन आणि तापमान दोन्ही जास्त असतील तर ठिसूळ होतं. काचेचं कापड पीटीएफई (टेफ्लॉन) पडद्यासकट २६० पर्यंत चालतं, पण घडी पडली की तुटतं. बसवणारा माणूस हलक्या हाताचा हवा.
झटकायला ५-६ किलोची कोरडी हवा. दाब १२० मिमीला गेला की झटकणं सुरू, ८० ला बंद. टायमरवर सतत झटकत ठेवलं तर पिशवीवरचा राखेचा पातळ थरच निघून जातो आणि खरी गाळणी तोच थर असतो.

सातपुडा६६
@पिशवीवाला, ठिणगीचं काय? काड्यांच्या ब्रिकेटमधून जळते तुकडे उडतात. एका ठिणगीने एक भोक, एका भोकाने अहवाल नापास.

पिशवीवाला
बरोबर. म्हणून मल्टिसायक्लोन काढायचा नाही, तोच ठिणग्या पकडतो. त्याच्या पुढे आडव्या पत्र्यांचा स्पार्क अरेस्टरही लावा. आणि पेटवताना पहिला तासभर वायू बायपासने सोडा. थंड बॉयलर आणि ओली ब्रिकेट मिळून डांबरासारखी चिकटण तयार होते, ती पिशवीत शिरली की धुऊनही निघत नाही. कामकाजात वायू १२०-१२५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. हॉपरमध्ये, म्हणजे तळाच्या नरसाळ्यात, राख साठवू नका. काड्यांच्या राखेत पोटॅश भरपूर, ती हवेतलं पाणी ओढून गुळाच्या ढेपेसारखी बसते.

दीपनगर_शिफ्ट
विषय निघालाच आहे तर ईएसपीबद्दल, म्हणजे राखेला विजेने भारून प्लेटांवर चिकटवणारं यंत्र. औष्णिक केंद्रात पिशव्यांऐवजी तेच का असतं, असं अनेकदा विचारतात. कारण दाब. ईएसपीमध्ये वायू सेकंदाला एक मीटरच्या आसपास सावकाश जातो आणि १५-२५ मिमीच दाब खातो. ताशी लाखो घनमीटरला बॅग फिल्टरचे १५० मिमी द्यायचे म्हणजे फॅनवर मेगावॅट खर्च. पण आपल्या कोळशात गंधक कमी, राखेत सिलिका-ॲल्युमिना जास्त. अशी राख वीज सोडत नाही. प्लेटवर बसलेल्या थरातच उलटी ठिणगी सुरू होते आणि पकडलेला कण परत उडतो. म्हणून राखेला ओलावा, अमोनिया किंवा सल्फर ट्रायऑक्साइड देऊन चालवावं लागतं.
गणितही निर्दयी आहे. ९९ टक्के पकडायला जेवढं प्लेटक्षेत्र लागतं, ९९.९९ टक्क्यांना त्याच्या दुप्पट. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना वयानुसार १००, ५० आणि ३० मिलिग्रॅम अशा मर्यादा आल्या तेव्हा नव्या फील्डला (प्लेटांच्या जादा कप्प्याला) जागा कुठून आणायची, हाच देशभर प्रश्न होता.
गंमत म्हणजे कॉट्रेलने १९०७ च्या सुमारास हे यंत्र वापरात आणलं ते राखेसाठी नव्हे, गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब पकडायला. म्हणजे तापीकाठ यांच्या धाग्यात ईएसपी अगदीच अवांतर नाही. ३ टनाला मात्र परवडणार नाही, डोक्यातून काढा.

जिनिंगकर
सायक्लोनबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून. खानदेशात सर्वांत जास्त सायक्लोन जिनिंगच्या छपरांवर उभे असतील आणि त्यातले निम्मे चुकीच्या मापाचे.
जिनिंगसाठी अमेरिकेत तपासून ठरलेली तीन मापं आहेत. नावातच माप आहे: सरळ भाग किती व्यासांचा, कोन किती व्यासांचा. वन-डी थ्री-डी म्हणजे सरळ भाग एक व्यास, कोन तीन व्यास. त्याला तोंडाशी वेग १६ मीटर प्रति सेकंद. टू-डी टू-डी ला १५. ज्या हवेत रुईचे तंतू जास्त तिथे वन-डी टू-डी, वेग १२ च्या आसपास, कारण लांब कोनात तंतू फिरत राहतात, त्यांचा दोर वळतो आणि तळाचं तोंड बंद करतो. खालून कचरा येईना म्हणून हातोडा मारतात, पत्रा चेपतो. चेपलेल्या पत्र्यावर भोवरा मोडतो. मग आणखी हातोडा.

मिरचीबाजार
हातोड्याच्या खुणांवरून सायक्लोनचं वय मोजता येतं, झाडाच्या खोडासारखं.

सातपुडा६६
@जिनिंगकर, मग बॉयलरला एकच मोठा सायक्लोन का नको? मल्टिसायक्लोनच्या नळ्या सारख्या तुंबतात.

जिनिंगकर
८५०० घनमीटरला १५ मीटर वेगाने साध्या मापाचा एकच सायक्लोन घेतला तर व्यास सव्वाअकराशे मिमी येतो. तो साडेसात मायक्रॉनचा कण निम्म्याने पकडतो, निम्म्याने सोडतो. तोच वायू २५० मिमीच्या नळ्यांत वाटला तर हा आकडा साडेतीन मायक्रॉनवर येतो. म्हणून मल्टी.
आणि लोड अर्धा झाला की वेग अर्धा, दाब पाव, तो साडेसातचा आकडा साडेदहावर. सायक्लोन कमी लोडला आळशी होतो. रात्रपाळीला धूर जास्त दिसतो त्यामागे हेही कारण असतं, नेहमी फायरमनच दोषी नसतो.

प्रवाहमापी
यात भर. सायक्लोनचा खरा शत्रू तळाची गळती. हॉपरमध्ये १०० मिमी ऋण दाब असेल तर भोकातून हवा सेकंदाला ४० मीटरने आत शिरते, म्हणजे ताशी १४० किलोमीटरचं वादळ, तेही नेमकं राख पडते त्या तोंडातून वर. रोटरी एअरलॉकच्या (राख खाली सोडून हवा अडवणाऱ्या फिरत्या झडपेच्या) पात्यांची रबरं झिजली, किंवा एअरलॉक काढून खाली पोतं बांधलं, की सायक्लोन म्हणजे फक्त वळण घेतलेला डक्ट. बॉयलर बंद असताना मल्टिसायक्लोनच्या वरच्या आणि खालच्या ट्यूबशीटमध्ये (नळ्या बसवलेल्या पत्र्यांमध्ये) दिवा ठेवून बघा. गॅस्केटच्या कडेने उजेड दिसला तर तिथून वायू नळ्यांत न जाताच पुढे पळतोय.

तापीकाठ
आकडे आणले.
स्क्रबरचा व्यास ८०० मिमी. चिमणी ४५० मिमी. अहवालात वेग १४.५ मीटर प्रति सेकंद, तापमान ५७. ऑक्सिजन मल्टिसायक्लोनच्या आधी ९, फॅननंतर ११. फॅनच्या तोंडाशी ऋण २१० मिमी. फिरत्या पाण्यात सगळे घन पदार्थ मिळून लिटरला २४ ग्रॅम.
ड्रेन पाइप टाकीच्या वर एक वीत हवेत लटकतोय.

अहिराणी_भो
पयले तो पाइप देखा भाऊ, बाकीनं मंग देखू.

प्रवाहमापी
अहिराणी_भो एका ओळीत जिंकले. तरी हिशोब पूर्ण करतो.
चिमणीचं क्षेत्र ०.१५९ चौ. मी. गुणिले १४.५, म्हणजे ताशी ८३०० घनमीटर ओला वायू. आता इंधनावरून बघा. ३ टन वाफेला ताशी अंदाजे ७०० किलो ब्रिकेट, ९ टक्के ऑक्सिजनला किलोमागे साडेनऊ किलो वायू, तो ५७ अंशांपर्यंत भिजून थंड झाल्यावर साधारण ६९०० घनमीटर. म्हणजे २० टक्के फाजील हवा. ऑक्सिजनही तेच सांगतो: (२१ वजा ९) भागिले (२१ वजा ११) बरोबर १.२. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की गळतीबद्दल वाद उरत नाही.
आता स्क्रबर. ८०० मिमीचं क्षेत्र ०.५०३. वेग ४.६ मीटर प्रति सेकंद. वायर मेशची मर्यादा काढायचं सूत्र: ०.१०७ गुणिले, पाणी आणि वायूच्या घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. १००० भागिले १, वर्गमूळ ३१.६, उत्तर ३.४. त्याच्यावर जाळीतलं पाणी खाली ओघळू शकत नाही, वायू ते वर ढकलतो. नवी कोरी जाळी बसवली तरी पहिल्या दिवसापासून तुंबणार. पहिल्या पुरवठादाराचं उत्तर इथेच संपलं.
शिवाय १ मिमीचा थेंब हवेत सेकंदाला ४ मीटरने पडतो. वर जाणारा वायू ४.६ ने. म्हणजे १ मिमीपर्यंतचा प्रत्येक थेंब उलटा, आकाशाकडे. तुमची नोझल स्क्रबरला नव्हे, चिमणीला आंघोळ घालतायत.

सातपुडा६६
ड्रेन पाइप ३०० मिमी बुडवला की सील झालं ना? २१० अधिक थोडी सूट.

जोडारी
@सातपुडा६६, ही चूक सर्रास होते. खोल बुडवणं लागतं ते आत धन दाब असेल तेव्हा. इथे फॅन पुढे आहे, आत ऋण दाब आहे, म्हणून पाणी पाइपात वर चढतं. टाकीच्या पातळीपासून २१० मिमी वर. तेव्हा दोन मापं पाळायची. टाकीतल्या पाण्यापासून स्क्रबरच्या तळापर्यंत उभी उंची किमान ४०० मिमी, नाहीतर चढलेलं पाणी स्क्रबरच्या तळातच साचतं आणि वायू त्याच्यावर फुंकर घालतो. आणि पाइपाचं टोक १५० मिमी बुडलेलं पुरे, पण टाकीची पातळी खाली गेली तरी उघडं पडता कामा नये. पाइप ४ इंची, आडवा भाग कुठेही नको, राख बसते. कोपरा लागलाच तर टी टाकून एक तोंड झाकणाचं ठेवा, सळई घालता येईल असं.
सध्या तुमच्या पाइपातून हवा वर चढतेय. तीच हवा उतरणारं पाणी अडवते आणि गुरगुर आवाज येतो. येतो ना?

तापीकाठ
येतो. आम्ही त्याला पंपाचा आवाज समजत होतो.

मिरचीबाजार
स्क्रबरला खोकला झालाय आणि तुम्ही फुप्फुस बदलायला निघालात.

पिशवीवाला
विनोद ठीक. पण २१० मिलिग्रॅमचं काय? थेंब थांबले म्हणून राख थांबत नाही. काड्यांतलं पोटॅशियम-क्लोराइड भट्टीत वाफ होऊन थंड होताना एक मायक्रॉनपेक्षा बारीक धूर बनतो. चिमणीवर निळसर पट्टा दिसतो तो हाच. त्याला ना सायक्लोन पकडतो ना फवारा. व्हेंचुरी (अरुंद घशाचा स्क्रबर) लावून घशात वेग ६० च्या वर आणि दाब ३००-४०० मिमी द्याल तर काही प्रमाणात पकडेल, पण मग फॅनची मोटर बदला. त्यापेक्षा पिशव्या.

प्रवाहमापी
निळ्या पट्ट्याबद्दल सहमत. पण त्या २१० मध्ये थेंबांचा वाटा किती ते आधी बघा. प्रयोगशाळेचा गाळणकागद कोरडा करूनच वजन करतात. थेंबातलं पाणी उडतं, मीठ आणि राख कागदावर राहते. समजा ताशी फक्त २० लिटर पाणी थेंबांनी निघून जातंय. २० गुणिले २४, म्हणजे ४८० ग्रॅम. कोरडा वायू ताशी अंदाजे ५५०० सामान्य घनमीटर. भागाकार ८७. म्हणजे २१० पैकी ८५-९० मिलिग्रॅम धूर नव्हेच, स्क्रबरचंच पाणी. २० लिटर हा अंदाज आहे, १० असेल तर निम्मं. पण टाकीतलं पाणी ठरावीक दराने बदललं तरी आकडा हलतो. २४ ग्रॅमचं ८ ग्रॅम केलं तर तेवढ्याच थेंबांतून एक तृतीयांश मीठ जाईल.

सातपुडा६६
पाणी बदला म्हणणं सोपं. मे महिन्यात टँकर कोण देणार?

प्रवाहमापी
खरं आहे. वायू १६५-१८० वरून ५७ ला आणताना ताशी साडेतीनशे लिटर पाणी वाफ होऊनच जातं, ते वाचवता येत नाही. क्षार वाढू नयेत म्हणून वर ताशी शंभर-दीडशे लिटर सोडावं लागेल. बॉयलरचं ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून सोडलेलं पाणी) सध्या गटारात जात असेल तर ते थंड करून इथे घ्या. ते क्षारीय असतं, पण स्क्रबरला चालतं, काड्यांच्या राखेने पाणी तसंही क्षारीयच असतं. फक्त फेसावर लक्ष ठेवा. प्लेटांवर साबणासारखा फेस चढला की तो वेगाशिवायही जाळी ओलांडतो. सोडलेलं पाणी राख भिजवायला वापरा, म्हणजे ट्रॉलीतून रस्त्यावर उडणारी राखही बसेल.

डाळपट्टी
मधेच घुसतोय, धागा चोरत नाही. डाळ मिलच्या पॉलिशरची धूळ सायक्लोनने आवरत नाही. तिथेही बॅग फिल्टर लावला तर?

पिशवीवाला
लावा, पण ती धूळ जळाऊ आहे. कोरडी चुनी हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो, नुसती आग नाही. फिल्टर इमारतीबाहेर, स्फोटाचा झडप-पत्रा मोकळ्या बाजूला, पिशव्या अँटिस्टॅटिक, पिशवीच्या आतला प्रत्येक पिंजरा अर्थिंगला जोडलेला. पॉलिशरच्या आधी चुंबक, म्हणजे खिळा आत जाणार नाही. फॅन फिल्टरच्या नंतर, स्वच्छ बाजूला. मिल चालू असताना डक्टवर वेल्डिंग कदापि नाही, आणि बंद केल्यावरही आधी आतली धूळ काढून. तुमच्या धुळीला पॉलिएस्टर चालतं, वायू थंड आहे.

मिरचीबाजार
नंदुरबारच्या मिरचीला ठिणगी नसली तरी स्फोट होतो. नाकात.

जोडारी
@तापीकाठ, मूळ प्रश्नाकडे. काम या क्रमाने करा.
ड्रेन पाइप आधी, एका दिवसाचं काम. मग मल्टिसायक्लोनचं एअरलॉक आणि गॅस्केट, साप्ताहिक सुट्टीत. ऑक्सिजनचा फरक अर्ध्या टक्क्यावर आला पाहिजे. तेवढ्याने वायू ६९०० ला येईल, पण स्क्रबरमध्ये वेग तरी ३.८ राहील. म्हणून पूर्ण लोडला थेंब थोडे पडणारच. पाऊण लोडला बहुतेक थांबतील.
मग वरचा भाग कापा. वरच्या नोझलच्या ६०० मिमी वरून शंकूने रुंद करून १००० मिमी व्यास. वेग २.४४, मर्यादेच्या ७२ टक्के. शंकूचा उतार किमान ४५ अंश, नाहीतर त्यावर गाळ बसतो आणि ढेकूळ होऊन नोझलवर पडतं. डिमिस्टरच्या वर ५०० मिमी मोकळी जागा, मगच डक्टचं वळण. ही जागा न ठेवता लगेच निमुळतं केलं की सगळा वायू मधल्याच भागातून जातो, कडेची जाळी रिकामी बसते आणि मधे वेग परत ४.
फॅनच्या कवचाच्या तळाला ड्रेनचं भोक असतंच, राखेने बुजलेलं असणार. सळई घाला. चिमणीच्या बुडालाही एक ड्रेन हवा. चिमणीच्या भिंतीवरून पाणी खाली ओघळतं, ते कुठेतरी जायला हवं. १४.५ मीटर वेगाला ते पाणी भिंतीवरून सुटायच्या बेतात असतं, गळती बुजली की १२ वर येईल.

तापीकाठ
पाइप बुडवला, एअरलॉकची रबरं बदलली, गॅस्केट दोन ठिकाणी फाटलेलं निघालं. ऑक्सिजन आता ९ आणि ९.६. गुरगुर बंद. पाऊण लोडला कागदावर डाग नाही, पूर्ण लोडला अर्ध्या तासात सात-आठ ठिपके. पूर्वी मोजता येत नव्हते. वरचा भाग रुंद करायचं ठरलं. शेवटचा प्रश्न: त्यात जाळी घालू की पत्र्यांचा नागमोडी डिमिस्टर?

प्रवाहमापी
नागमोडी. जाळी ५ मायक्रॉनपर्यंतचे थेंब पकडते, नागमोडी पत्रे २०-३० च्या वरचेच. पण तुमचे थेंब शेकडो मायक्रॉनचे आहेत आणि पाण्यात राख आहे. जाळी राखेने तुंबेल, पत्रे धुता येतात. अंतर २५ मिमी, खालून धुण्याचा फवारा, दर दोन तासांनी दोन मिनिटं, ताज्या पाण्याने. टाकीतल्या पाण्याने धुतलं तर त्याच क्षारांनी लिंपणार.

पिशवीवाला
आणि नवा अहवाल १५० च्या आत आला तरी काठावर आला तर माझ्याकडे परत या. १०० पिशव्या, ७० नाही.

जोडारी
पत्रे प्लॅस्टिकचे स्वस्त पडतात, पीपी (पॉलिप्रॉपिलीन). काड्यांच्या क्लोराइडमुळे ३०४ स्टीलला बारीक भोकं पडतात, पीपीला काही होत नाही. पण पंप बंद पडला आणि फॅन चालू राहिला तर दोन-तीन मिनिटांत १७० अंशांचा वायू वर पोचतो आणि सगळे पत्रे मेणबत्तीसारखे वितळून वरच्या नोझलवर. म्हणून पीपी घेणार असाल तर पंपाच्या दाबावर स्विच लावा, दाब गेला की आयडी फॅन बंद, आणि छतावरच्या टाकीतून एक नोझल आपोआप उघडणारं ठेवा. हे करायचं नसेल तर ३१६ घ्या.

अहिराणी_भो
इच स्विच लावा भाऊ. लाइट तर रोजच जास.

काथ्याकूट
आणि छतावरची टाकी भरलेली आहे का, ते कोण बघणार?

जोडारी
तिला फ्लोट बसवा, आणि त्या नोझलकडे जाणारा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून त्याचं चाक काढून टाका.